मानेचे दुखणे आणि पूरक उपचार : आधी पारख, मग विश्वास

कल्याण, डोंबिवली, ठाणे या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांच्या बैठकीत अलीकडे एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे मान. कोणी सकाळची लोकल पकडून मुंबईला जातो आणि दिवसभर संगणकासमोर बसतो. कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पाळीला जातो. कोणी पाठीवर मोठी पेटी अडकवून दुचाकीवरून पार्सले पोहोचवतो. संध्याकाळी एकत्र आलो की प्रत्येकाचा हात मानेवर असतो आणि प्रत्येकाकडे एकेक इलाजही असतो. कोणी सुया टोचून घ्यायला सांगतो, कोणी कपिंग, कोणी तेलाचे मालिश, कोणी नस बसवणाऱ्याचा पत्ता देतो.

आमच्या एका सहकाऱ्याने हे सगळे पत्ते आठ महिने पालथे घातले. पट्टा लावला, कपिंग केले, चुंबकाच्या गादीवर झोपला, शेवटी मानेला झटका देऊन घेतला. मधल्या काळात त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या आणि शर्टाची बटणे लावता येईनात. ‘नस दबली आहे, होईल मोकळी,’ असे आम्ही त्याला सांगत राहिलो. अखेर दवाखान्यात डॉक्टरांनी हातापायांची ताकद तपासली, एमआरआय काढला, तेव्हा मज्जारज्जूवर दाब आल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाली, दुखणे थांबले; पण बोटांतली सफाई पूर्ण परत आलेली नाही. त्याला ते पत्ते देणारे आम्हीच होतो. म्हणून हा लेख.

पूरक उपचार करूच नका, असे आमचे म्हणणे नाही. त्यांतल्या काहींनी खरोखर आराम पडतो. पण ते कधी करावेत, कोणाकडून करावेत आणि त्यांचा उपयोग झाला की नाही हे कसे ठरवावे, हे कळले पाहिजे.

मान का दुखते?

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार ते पाच किलोचे डोके तोललेले असते. डोके सरळ असेल तर भार मणक्यांवर नीट पडतो. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. २०१४ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी गणिती प्रतिकृती मांडून असा हिशेब केला की मान ६० अंशांत वाकवली तर तिच्यावर सुमारे २७ किलोचा ताण येतो. हा आकडा प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही, पण तासन्‌तास मोबाइलमध्ये डोके घालून बसल्यावर मान का आखडते, हे त्यावरून समजते.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणे म्हणतात. त्यातल्या बहुतेकांमागे एकच एक बिघाड दाखवता येत नाही. स्नायूंचा ताण, अपुरी झोप, काळजी, एकाच स्थितीत बसणे अशी अनेक कारणे एकत्र आलेली असतात. म्हणूनच एमआरआयच्या अहवालात ‘गादी सरकली’ असे वाचून घाबरू नये. २०१५ साली जपानी संशोधकांनी मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय तपासले. त्यांच्यापैकी सुमारे ८८ टक्के लोकांच्या मानेत गादी फुगलेली दिसली. मज्जारज्जूवर दाब मात्र पाच टक्क्यांच्या आसपास लोकांतच होता. फुगलेली गादी ही पुष्कळदा वयाची खूण असते. मज्जारज्जूवरचा दाब ही वेगळी गोष्ट आहे.

या खुणा दिसल्या तर आधी डॉक्टर

पुढीलपैकी काहीही असेल तर सुया, कपिंग, मालिश सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे : हातातली ताकद कमी होणे किंवा वस्तू हातातून पडणे, बटण लावताना किंवा लिहिताना अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, तापासोबत मान ताठरणे, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. आपल्याकडे क्षयरोग अजून आहे आणि तो मणक्यातही होतो, हे विसरू नये. मानेसोबत छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ आली, किंवा अचानक बोलणे अडखळले, तर थेट तातडीच्या विभागात जावे.

यासाठी मोठा खर्च करावा लागतो असेही नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आपल्याच मार्गावर आहेत. पहिली तपासणी तिथे होऊ शकते.

तथागतांची पाठ

दुखण्याबद्दल आपल्या चळवळीत दोन टोकांच्या समजुती दिसतात. एक, हे मागचे कर्म आहे, भोगलेच पाहिजे. दुसरी, ध्यान केले की सगळे बरे होते. बौद्ध साहित्यात या दोन्हींना आधार नाही.

मज्झिम निकायातील सेख सुत्तात शाक्यांच्या नव्या सभागृहातला प्रसंग आहे. कपिलवस्तूत रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर भगवान बुद्ध आनंदाला पुढचा उपदेश करायला सांगतात, कारण त्यांची पाठ दुखत असते. मग ते चीवर अंथरून उजव्या कुशीवर आडवे होतात. पाठ दुखते हे सांगायला त्यांना संकोच वाटला नाही आणि विश्रांती घ्यायलाही नाही.

संयुत्त निकायातील सीवक सुत्तात प्रश्न थेट कर्माचाच आहे. माणसाला जे काही सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर आहे का? बुद्ध तिथे वेदनेची आठ कारणे मोजतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेली इजा आणि शेवटी कर्म. सगळे कर्मावर टाकणारे चुकतात, असे ते सांगतात. ‘विषम निगा’ हे कारण तर लोकलच्या दारात एका हाताने लटकून रोज तासभर प्रवास करणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

आणि विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा एक स्वतंत्र खंड आहे. अंगदुखीसाठी घाम काढण्याचे प्रकार, औषधी पानांच्या काढ्याचा शेक, सांधेदुखीसाठी शिंगाने रक्त ओढून घेणे अशा उपचारांना तिथे भिक्खूंना परवानगी दिलेली आहे. आजच्या कपिंगचे पूर्वज तिथे सापडतात. पण त्यामुळे कपिंग सिद्ध झाले असे होत नाही. त्यातून एवढेच दिसते की शरीराच्या दुखण्यावर शरीराचाच उपचार शोधायचा, ही संघाची रीत होती.

कोणत्या उपचाराचे काय?

*व्यायाम आणि फिजिओथेरपी.* जुनाट मानदुखीत सर्वात भरवशाचा मार्ग हाच आहे. हनुवटी सरळ मागे घेऊन पाच सेकंद धरणे, खांद्यांची पाती मागे जवळ आणणे, तळहाताने कपाळाला विरोध करत मान स्थिर ठेवणे, असे साधे व्यायाम रोज दहा-दहा वेळा करायचे असतात. ते एकदा शिकून घ्यावेत. पट्टा मात्र डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढेच दिवस वापरावा. महिनोन्‌महिने वापरला की स्नायू दुबळे होतात.

*योग.* पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा जर्मनीत अभ्यास झाला आहे. मानदुखीच्या ५१ रुग्णांपैकी काहींना नऊ आठवडे योगवर्ग दिला, इतरांना घरी करायच्या व्यायामाची पुस्तिका दिली. योगवर्गातल्यांना जास्त आराम पडला. अभ्यास लहान आहे आणि शिकवणाऱ्याचा सहवास हेही एक कारण असू शकते. शीर्षासन, सर्वांगासन मात्र दुखऱ्या मानेने करू नये.

*ॲक्युपंक्चर.* ब्रिटनमध्ये २०१५ साली ५१७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुया, किंवा उठण्याबसण्याची ढब सुधारणारे अलेक्झांडर तंत्राचे धडे घेतलेल्यांना वर्षानंतरही इतरांपेक्षा बरे वाटत होते. फरक माफक होता. खऱ्या आणि खोट्या सुयांची तुलना केली की तो आणखी कमी होतो. सुई दर वेळी नवी, निर्जंतुक आणि आपल्यासमोर उघडलेली असावी.

*मालिश, शेक, ग्रीवाबस्ती.* याने त्या दिवशी, कधी चार दिवस मोकळे वाटते. तेवढ्या आरामात व्यायाम सुरू करता आला तर फायदा. नाहीतर पुन्हा पहिल्या जागी.

*कपिंग.* तात्पुरता आराम पडल्याचे लहान अभ्यास आहेत. रक्त काढण्याच्या प्रकारात संसर्गाचा धोका असतो. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो टाळावा.

*मानेला झटका.* सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकडा मोडून घेणे किंवा व्हिडिओत दिसणारा झटका, हे आम्ही कोणालाही सुचवणार नाही. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होण्याचा धोका दुर्मीळ आहे, पण तो खरा आहे.

*‘गॅरंटी’च्या पुड्या.* दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या, नाव-लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. औषधाची दिशाभूल करणारी जाहिरात हा १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार गुन्हा आहे, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

उपचार करणाऱ्याला नोंदणी विचारण्यात अपमान नाही. फिजिओथेरपी, आयुर्वेद आणि ॲक्युपंक्चर या तिन्हींसाठी महाराष्ट्रात नोंदणीची व्यवस्था आहे.

उपयोग झाला, हे कसे ओळखायचे?

इथेच आम्ही सगळे फसलो. दुखणे रोज सारखे नसते, ते चढते-उतरते. आपण उपचार शोधतो ते ते सर्वात चढलेले असताना. त्यानंतर ते आपोआप थोडे उतरणारच असते. नेमक्या त्याच आठवड्यात जो उपचार केलेला असतो त्याला श्रेय मिळते आणि आपण त्याचा पत्ता दहा जणांना देतो.

यावर उपाय सोपा आहे. एका वेळी एकच नवा उपचार घ्यावा. मुदत आधी ठरवावी, समजा सहा आठवडे, आणि खर्चाची मर्यादाही. रोज झोपताना वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : दुखणे शून्य ते दहात किती, झोप किती झाली, कोणते काम अडले. सहा आठवड्यांनी वही उघडावी. फरक नसेल तर थांबावे, मग सांगणारा कितीही मोठा असो. कालाम सुत्त आपण भाषणात नेहमी सांगतो. परंपरा आहे म्हणून, सांगणारा गुरू आहे म्हणून मानू नका, हे स्वतःच्या मानेलाही लागू आहे.

मग ध्यानाचे काय?

सत्यनारायण गोएंका यांची हकीकत इगतपुरीला जाऊन आलेल्यांना माहीत असते. म्यानमारमध्ये व्यापार करणाऱ्या गोएंकांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशातल्या डॉक्टरांकडूनही इलाज झाला नाही. तेव्हा ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर घेणार नाही, धम्म त्यासाठी नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. हेतू बदलल्यावरच, १९५५ साली, त्यांना पहिल्या शिबिरात प्रवेश मिळाला. पुढे डोकेदुखी गेली, हे आपण उत्साहाने सांगतो. गुरूने आधी नकार दिला होता, हे सांगायला विसरतो.

ध्यानाने काय होते, हे सल्ल सुत्तात नेमके आले आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आक्रोशाचा. ध्यान दुसऱ्या बाणासाठी आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून जुनाट दुखण्याच्या रुग्णांना सजगतेचे वर्ग दिले. अशा वर्गांच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसते : वेदना थोडीच कमी होते, पण तिच्यासह जगणे सुकर होते. दबलेला मज्जारज्जू मात्र आनापानाने मोकळा होत नाही.

मानेवरचे ओझे

शेवटी, मान ही फक्त वैयक्तिक बाब नाही. डोक्यावर पोती वाहणारा हमाल, शिलाई मशीनवर वाकलेली बाई, पार्सलची पेटी वाहणारा तरुण यांना ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला परवडत नाही. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला तो याच भारवाहू शरीरांसाठी. आज पाठीवर पेटी घेऊन धावणाऱ्या मुलांचा प्रश्न त्याच रांगेत उभा आहे आणि त्याबद्दल बोलणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

तोवर आमच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तेलविक्रीच्या ‘मोफत शिबिरा’ला विहाराची जागा द्यायची नाही; त्याऐवजी नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टला बोलावून व्यायाम शिकून घ्यायचे. हाताला मुंग्या येतात असे कोणी म्हणाले तर पत्ता देण्याऐवजी त्याच्याबरोबर दवाखान्यात जायचे. आणि वंदनेच्या वेळी मागच्या रांगेत दहा खुर्च्या मांडायच्या. आमचा तो सहकारी आता त्यांतल्या एका खुर्चीवर बसतो. पहिल्या दिवशी तो संकोचला होता. सेख सुत्ताचा प्रसंग सांगितल्यावर हसला आणि बसला.