कणी, तूस आणि कोंबडीचा पेटा
रायपूर परिसरातल्या भातगिरण्यांतून कणी मुबलक निघते. मका महागला की ब्रॉयलरच्या खाद्यात तिला मागणी येते. कणी पिल्लांना सहज पचते. पण मक्यात तंतू दोन-अडीच टक्के, तर कणीत जेमतेम एक. तंतू फारच कमी पडले की दाणा भरडणाऱ्या पेट्याला काम उरत नाही. तो लहान राहतो, पचन बिघडतं. ओटचं किंवा भाताचं जाडसर तूस दोन-तीन टक्के मिसळलं तर पेटा बळावतो, आम्ल नीट स्रवतं. गहू-जवाचे विरघळणारे तंतू मात्र आतड्यात चिकटा करतात. विष्ठा ओली होते. भारतीय मानकानुसार ब्रॉयलरच्या खाद्यात तंतू ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. म्हणून कणी जरूर वापरा, तूस मात्र तोलूनच घाला.