मोटारसायकलचे बोल्ट आणि दोन थेंबांची हिकमत

कापडाचा धंदा करणाऱ्यांनी नट-बोल्टवर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. हिंदमाताच्या आमच्या दुकानातून लालबाग, परळ, गिरगावच्या शिंप्यांकडे माल जातो तो मोटारसायकलवरच. गाडी आमची आणि ती चालवणारा मुलगा कोणाच्या तरी घरची अमानत.

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. लालबागजवळ पुढच्या चाकातून खडखड येऊ लागली म्हणून मुलाने गाडी थांबवली. ब्रेकचा कॅलिपर ज्या दोन बोल्टांवर बसतो त्यातला एक गायब होता आणि दुसरा अर्धा बाहेर आला होता. पंधरा दिवसांपूर्वीच ब्रेक पॅड बदलले होते. जोडणी करताना तेलकट बोल्ट तसेच अंदाजाने आवळले गेले होते. गाडी वेगात नव्हती म्हणून निभावले. त्यानंतर आम्ही हा विषय जाणकार मिस्त्रींकडून समजून घेतला. तो येथे मांडत आहोत.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन भागांना दाबून धरतो. आट्यांमधल्या घर्षणामुळे तो जागेवर राहतो. पण हादऱ्याने जोडलेले भाग आडवे सरकू लागले की हे घर्षण क्षणभर सुटते आणि बोल्ट उलटा फिरू लागतो. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. नुसता स्प्रिंग वॉशर अशा हादऱ्यापुढे फारसा टिकत नाही.

यावर उपाय म्हणजे थ्रेडलॉक. अमेरिकेतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 मध्ये असा पदार्थ तयार केला आणि पुढे तो लॉकटाइट या नावाने बाजारात आला. फेविकॉल हवेत सुकतो. याचे उलट आहे. हवा मिळते तोवर हा पातळ राहतो. म्हणूनच बाटली पूर्ण भरलेली नसते. आट्यांच्या फटीत हवा बंद झाली आणि लोखंडाचा स्पर्श झाला की तो कडक प्लास्टिकसारखा होऊन फट भरून टाकतो.

रंगावरून साधारण ओळख पटते. जांभळा बारीक स्क्रूसाठी. निळा मध्यम ताकदीचा, नेहमीच्या पान्याने उघडतो. मोटारसायकलला बहुतेक ठिकाणी हाच पुरतो. लाल कायमच्या जोडासाठी. तो उघडायला सुमारे 250 अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि पेट्रोलच्या टाकीजवळ आग नेणे म्हणजे संकटाला बोलावणे. सर्व कंपन्यांचे रंग सारखे नसतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्यावे. ऑपेरा हाऊसची मोटार पार्टची दुकाने किंवा नागदेवी स्ट्रीट येथे विचारावे.

लावण्याची रीत अशी. जुना थर तारेच्या ब्रशने काढावा. बोल्ट आणि भोक दोन्हींचे तेल पुसून कोरडे करावे. जेथे नट बसणार त्या आट्यांवरच दोन थेंब टाकावेत. भोक तळाशी बंद असेल तर थेंब भोकातही टाकावेत, नाही तर अडकलेली हवा औषध वर ढकलते. मग लगेच, माहितीपुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावे. थ्रेडलॉक हा आवळण्याला पर्याय नाही. एकदा घट्ट झाल्यावर 'बघू या' म्हणून पुन्हा पाना लावू नये. धरलेला जोड तुटतो. पकड काही मिनिटांत येते, पण पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. स्टेनलेस किंवा जस्त चढवलेल्या बोल्टला आणखी वेळ लागतो.

डिस्कचे, कॅलिपरचे, स्टँडचे, कॅरिअरचे बोल्ट ही त्याची जागा. तरी पुस्तक सांगते तेच खरे. काही नव्या बोल्टांवर कंपनीतूनच रंगीत थर येतो. ते जुने झाले की नवेच घालावेत. स्पार्क प्लग, ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि चेन ताणण्याचे स्क्रू यांना हे लावू नये. प्लास्टिकवर थेंब पडला तर त्याला तडे जाऊ शकतात. हाताला लागले तर साबणाने धुवावे.

आमच्या मिस्त्री बांधवांना एवढेच सांगणे आहे की, ब्रेकचे काम केल्यावर बोल्टवर रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, हे चालवणाऱ्यालाही कळते. आणि व्यापारी बांधवांनी गाडी घेताना बिलाबरोबर विचारावे, "बोल्ट पुसून लावले का?" आम्ही आता प्रत्येक वेळी विचारतो. ज्या मुलाला आपण माल देऊन रस्त्यावर पाठवतो, तो संध्याकाळी घरी पोहोचला पाहिजे.