माराकाना : दोन लाखांच्या मैदानाची कहाणी

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराची लोकसंख्या १९५० साली सुमारे २४ लाख होती. त्या वर्षी १६ जुलैच्या दुपारी माराकाना स्टेडियममध्ये तिकीट काढून आत गेलेल्या प्रेक्षकांची अधिकृत संख्या १,७३,८५० नोंदली गेली. पासधारक आणि इतर मंडळी धरली तर हा आकडा दोन लाखांच्या घरात जातो. म्हणजे, ढोबळ हिशेब मांडायचा तर, शहराच्या बाराव्या हिश्श्याइतकी माणसे त्या दुपारी एकाच छताखाली होती. आज याच स्टेडियमची क्षमता सुमारे ७८ हजार आहे. मधल्या काळात काय घडले, ही माराकानाची खरी कहाणी.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भरवण्याचा मान ब्राझीलला मिळाला आणि त्या निमित्ताने राजधानीत भव्य स्टेडियम उभारण्याचे ठरले. (तेव्हा देशाची राजधानी रिओच होती.) जागेवरून मात्र वाद पेटला. पत्रकार आणि राजकारणी कार्लोस लासेर्दा यांना ते शहराबाहेर जाकारेपाग्वा येथे हवे होते. क्रीडा दैनिकाचे मालक-संपादक मारिओ फिल्यो यांनी मात्र शहराच्या मध्याजवळील जुन्या घोडदौडीच्या मैदानाचा आग्रह धरला आणि आपल्या वृत्तपत्रातून त्यासाठी मोहीम चालवली. सामान्य माणसाला सहज पोहोचता येईल अशी ती जागा होती. शेवटी मारिओ फिल्यो जिंकले. १९६६ साली त्यांचे निधन झाल्यावर स्टेडियमला अधिकृतपणे त्यांचे नाव देण्यात आले; लोकांच्या तोंडी मात्र शेजारून वाहणाऱ्या नदीचे ‘माराकाना’ हेच नाव राहिले. एखाद्या क्रीडांगणाला पत्रकाराचे नाव मिळण्याचा योग विरळाच म्हणायचा.

२ ऑगस्ट १९४८ रोजी बांधकाम सुरू झाले आणि १६ जून १९५० रोजी रिओ व साओ पावलो यांच्या युवा संघांमधील सामन्याने उद्घाटन झाले. पहिला गोल रिओच्या दिदीने केला. सामना मात्र साओ पावलोने ३-१ असा जिंकला. वास्तू तेव्हा अपुरीच होती. बांधकामाचे सारे काम हातावेगळे व्हायला १९६५ साल उजाडले.

भारतही त्या विश्वचषकासाठी पात्र ठरला होता. प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्याने ही संधी आयती चालून आली होती. पण भारताने स्वतःच माघार घेतली. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे भारत गेला नाही, ही कथा आपल्याकडे अजूनही चवीने सांगितली जाते. प्रत्यक्षात महासंघाने सरावाला अपुरा वेळ आणि संघनिवडीतील मतभेद अशी कारणे पुढे केली होती.

त्या स्पर्धेत अंतिम सामना असा ठेवलेलाच नव्हता. चार संघांच्या अखेरच्या साखळीत ब्राझीलने स्वीडनचा ७-१ आणि स्पेनचा ६-१ असा फडशा पाडला होता. उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. सकाळच्या एका वृत्तपत्राने तर ब्राझीलच्या खेळाडूंचे छायाचित्र विश्वविजेते म्हणून छापूनही टाकले. दुसऱ्या सत्राच्या प्रारंभीच फ्रियासाने गोल केला आणि उत्सवच सुरू झाला. ६६ व्या मिनिटाला शियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला उजव्या बगलेतून घुसलेला घिग्गिया आधीच्या गोलप्रमाणे चेंडू मध्यभागी देईल, असा गोलरक्षक बार्बोसाचा अंदाज होता. घिग्गियाने थेट गोलखांब आणि बार्बोसा यांमधल्या चिंचोळ्या जागेतून चेंडू जाळ्यात धाडला. दोन लाखांचा समुदाय एकाएकी निःशब्द झाला.

या पराभवाची किंमत एका माणसाने जन्मभर मोजली. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, आपण मात्र पन्नास वर्षे भोगतो आहोत, अशा आशयाचे बार्बोसाचे उद्गार प्रसिद्ध आहेत. खेळ सोडल्यावर त्याने नोकरी केली तीही याच स्टेडियमच्या व्यवस्थापनात. एप्रिल २००० मध्ये त्याचे निधन झाले. ब्राझीलने पांढरा पोशाख टाकून पिवळा स्वीकारला, त्यामागेही हाच पराभव होता. घिग्गियाचे निधन २०१५ साली झाले, आणि तेही नेमके १६ जुलैलाच.

तरीही रिओच्या लोकांनी माराकानाकडे पाठ फिरवली नाही, ती का, याचे उत्तर ‘जेराल’मध्ये सापडते. जेराल म्हणजे जनरल, सर्वसाधारण. मैदानाभोवतीच्या खंदकापलीकडे खालच्या बाजूला उभ्याने सामना पाहण्याची ही जागा होती. तिकीट अगदी नाममात्र. पाऊस आला तर भिजायचे, ऊन पडले तर तळायचे. खेळपट्टीच्या पातळीवरून मैदानाचा पलीकडचा भाग धड दिसतही नसे. दिसत ते खेळाडूंचे पाय. पण हमाल, मोलमजुरी करणारे, झोपडपट्टीतील पोरे यांना माराकानात हक्काने शिरता येई ते याच दाराने. चित्रविचित्र वेश करून येणाऱ्या या मंडळींना ‘जेराल्दिनो’ असे लाडके नाव होते. जुन्या मराठी नाट्यगृहांतील पिटातल्या प्रेक्षकाची आठवण व्हावी, असाच हा वर्ग: सर्वांत स्वस्त जागेवरचा आणि सर्वांत मोकळी दाद देणारा. १९६३ सालच्या फ्लामेंगो-फ्लुमिनेन्से सामन्याला १,९४,६०३ प्रेक्षक होते. गोल एकही झाला नाही, पण क्लबांच्या सामन्यातील गर्दीचा हा जागतिक विक्रम मानला जातो. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी पेलेने कारकिर्दीतील हजारावा गोल केला तोही इथेच, पेनल्टीवर.

१९ जुलै १९९२ रोजी बोताफोगो आणि फ्लामेंगो यांच्यातील राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्याच्या वेळी वरच्या मजल्यावरील कठडा कोसळला. तिघांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. जीर्ण झालेल्या वास्तूत बेसुमार गर्दी कोंबणे यापुढे शक्य नाही, हे या घटनेने दाखवून दिले. क्षमता घटवण्यात आली. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची हवी, असा दंडक आला आणि एप्रिल २००५ मध्ये जेराल कायमचे बंद झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने या निर्णयाला नावे ठेवता येणार नाहीत. पण उभ्या जागेबरोबर नाममात्र दराचे तिकीटही गेले, त्याला कोणताही सुरक्षा नियम कारणीभूत नव्हता.

२०१४ च्या विश्वचषकासाठी २०१० पासून झालेली पुनर्बांधणी तर जवळपास नव्या बांधकामाइतकीच होती. राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद असूनही काँक्रीटचे मूळ छप्पर पाडून त्याजागी हलके आच्छादन बसवण्यात आले. खर्च एक अब्ज रेआलच्या पुढे गेला. शेजारच्या जुन्या आदिवासी संग्रहालयाच्या इमारतीत राहणाऱ्या मूळनिवासींना मार्च २०१३ मध्ये पोलीसबळाने बाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी ३० जूनला कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझील स्पेनला ३-० असे नमवत असताना बाहेर निदर्शक आणि पोलीस यांच्यात चकमकी चालू होत्या. ज्यांच्या कारकिर्दीत हे काम झाले ते रिओ राज्याचे माजी राज्यपाल सर्जिओ काब्राल यांना नोव्हेंबर २०१६ मध्ये सार्वजनिक कामांतील लाचखोरीच्या आरोपांवरून अटक झाली. त्या कामांत माराकानाचाही समावेश होता. नशिबाचा खेळ असा, की २०१४ च्या विश्वचषकात यजमान ब्राझीलचा एकही सामना माराकानात झाला नाही. अंतिम फेरी गाठली असती तरच तो झाला असता; पण उपांत्य सामन्यात बेलो होरिझोन्ते येथे जर्मनीने १-७ असा घाव घातला.

ऑगस्ट २०१६ मध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन इथे झाले आणि जर्मनीलाच पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून ब्राझीलने फुटबॉलचे पहिले सुवर्णही इथेच जिंकले. त्यानंतर काही महिन्यांतच देखभाल कोणी करायची यावरून वाद उफाळला. जानेवारी २०१७ मध्ये हिरवळ करपलेली होती, खुर्च्या उखडल्या होत्या, थकलेल्या बिलापायी वीज तोडण्यात आली होती. चोरट्यांनी मारिओ फिल्यो यांचा ब्राँझचा अर्धपुतळाही पळवला.

मार्च २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मारिओ फिल्यो यांचे नाव काढून स्टेडियमला पेलेचे नाव देण्याचा ठराव संमत केला. टीका इतकी झाली, की महिन्याभरात राज्यपालांनी नकाराधिकार वापरून तो रद्द केला. नाव टिकले. स्टेडियमचा कारभार आता फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या दोन क्लबांकडे आहे. २०२४ साली त्यांना वीस वर्षांचा करार मिळाला.