किती प्यालास, हे कधी विचारायचं?

सिगारेट ओढणाऱ्या कुणालाही विचारून बघा, दिवसाला किती होतात? उत्तर येतं दहा. फार तर पंधरा, नाहीतर वीस. ‘तेरा’ असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. मोठमोठ्या सर्वेक्षणांतही तेच दिसतं: दहा आणि वीस या आकड्यांवर उत्तरांचे ढीग आणि मधल्या आकड्यांवर शुकशुकाट. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॉल शिफमन यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या हाती एक छोटा संगणक दिला आणि प्रत्येक सिगारेट पेटवताना तिची नोंद करायला सांगितलं. ढीग नाहीसे झाले, कुठलाही आकडा येऊ लागला. आधी कुणी खोटं बोलत होतं असं नाही. माणूस सिगारेटी मोजत नाही, पाकिटं मोजतो, आणि कुणी विचारलंच तर त्यावरून अंदाज ठोकून देतो.

तरुण मुलं काय ओढतात, काय पितात, कधी, कुणाबरोबर आणि कशापायी, हे शोधणाऱ्यांची सगळी पंचाईत या अंदाजाने केली आहे. ‘गेल्या महिन्यात किती वेळा?’ असा प्रश्न छापून वर्गात वाटायचा, मुलं काहीतरी खूण करतात, आपण टक्केवारी काढतो. त्यात दारूची गंमत अशी की ज्या गोष्टीची आठवण विचारायची, तीच आठवणीवर बोळा फिरवते. इंग्लंडमधल्या एज हिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015मध्ये हे फोनवर तपासून पाहिलं. लोकांनी पिताना ॲपवर नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी आठवूनही सांगितलं. आठवणीतले प्याले प्रत्यक्षापेक्षा कमी भरले.

म्हणजे विचारायचं तर त्याच क्षणी विचारायला हवं. ही कल्पना फोनपेक्षा जुनी आहे. 1970च्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिकसेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी शाळकरी पोरांच्या कमरेला पेजर लावले. दिवसभरात केव्हाही पेजर वाजायचा, की मुलाने वही काढून लिहायचं: आत्ता कुठे आहेस, काय करतोयस, कोण सोबत आहे, कसं वाटतंय. एका अभ्यासात अशी 75 मुलं होती आणि आठवडाभर हा उद्योग चालला. पेजर वाजला तेव्हा काही जणांच्या हातात बिअर होती, काहींच्या हातात गांजा. त्यावरचा लेख 1984मध्ये प्रसिद्ध झाला. दारू शनिवार-रविवारच्या घोळक्यात होती, मुलं खुशीत आणि गप्पांत होती. गांजा मात्र कुठेही, कोणत्याही वेळी होता आणि त्या क्षणांत मुलांची मनःस्थिती एरवीपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ‘व्यसन’ या एकाच खणात आपण ज्या दोन गोष्टी कोंबतो, त्यांची दिवसातली जागाच निराळी निघाली. कुठलाही वार्षिक पाहणी-अहवाल हे सांगू शकला नसता, कारण त्यात ‘किती’ असतं, ‘कधी’ नसतं.

पण मग वहीच पुरे होती की, ॲप कशाला हवं? याचं उत्तर 2002मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं, आणि मला तो या विषयातला सगळ्यात खट्याळ प्रयोग वाटतो. आर्थर स्टोन, शिफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांना नोंदवह्या दिल्या. ठरलेल्या वेळी वही उघडायची, त्या घडीचं दुखणं लिहायचं. वहीच्या कव्हरमध्ये प्रकाश ओळखणारा संवेदक दडवला होता. वही उघडली की आत उजेड पडायचा आणि वेळेची नोंद व्हायची. रुग्णांनी भरून दिलेल्या पानांवरून पाहिलं तर 90 टक्के नोंदी वेळेवर झालेल्या. संवेदक म्हणाला, 11 टक्के. ज्या दिवशी वही एकदाही उघडली गेली नव्हती, त्या दिवसाचीही पानं व्यवस्थित, वेळेसकट भरलेली! परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणाऱ्या आपणा सर्वांना यात नवल वाटू नये. ज्यांना कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र दिलं होतं, त्यांनी 94 टक्के नोंदी खरोखरच वेळेवर केल्या. यंत्र वेळ टिपत होतं आणि उशिरा भरू देत नव्हतं, एवढाच फरक.

शिफमन यांच्या पद्धतीत आणखी एक युक्ती आहे. यंत्र फक्त सिगारेटच्या वेळी विचारत नाही, सिगारेट नसतानाही अवचित वाजून तेच प्रश्न विचारतं. त्यामुळे एकाच माणसाचे ओढण्याचे आणि न ओढण्याचे क्षण शेजारी ठेवून बघता येतात. कुणीही ओढणारा सांगेल की टेन्शन आलं की पेटवतो. 2002मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, अजून सोडायचा प्रयत्न सुरू न केलेल्या लोकांत, वाईट मूडचा आणि सिगारेटचा संबंधच सापडला नाही. संबंध सापडला तो तलफेशी, कॉफीशी, खाण्याशी आणि शेजारी ओढत बसलेल्या माणसाशी. सोडल्यानंतर पुन्हा पहिली सिगारेट हातात येते तेव्हा मात्र मन खरंच बिघडलेलं असतं. माणूस स्वतःच्या सवयीचं जे कारण छातीठोकपणे सांगतो, ते त्याच्याच नोंदींनी खोडून काढावं, हे मला विलक्षण वाटतं. त्या अभ्यासातली माणसं प्रौढ होती, पण हत्यार तेच पुढे तरुणांकडे गेलं.

2014च्या शरद ऋतूत ते स्वित्झर्लंडमध्ये पोचलं. तिथे बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी मिळते, कडक दारू अठराव्या. इमॅन्युएल कुंट्शे, फ्लोरियन लाबार्ट आणि संगणकशास्त्रज्ञ डॅनियल गाटिका-पेरेझ यांच्या चमूने झुरिक आणि लोझान या शहरांतली 16 ते 25 वयाची दोनशेहून अधिक मुलं गोळा केली आणि त्यांच्या अँड्रॉइड फोनवर एक ॲप टाकलं. शुक्रवार-शनिवारच्या रात्री प्रत्येक प्याल्याचा फोटो काढायचा, काय आहे ते लिहायचं आणि जिथे असू तिथे फोन गोल फिरवून दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा. त्या दहा सेकंदांतून संगणक दोन साध्या गोष्टी मोजायचा, उजेड किती आणि आवाज किती. शहराची रात्र म्हणजे बार आणि डिस्को असं आपण धरून चालतो. या मुलांच्या व्हिडिओंत घरंही पुष्कळ होती. मित्राच्या खोलीतली ही बैठक ना बारच्या हिशेबात येते, ना सोशल मीडियावर. लाबार्ट आणि कुंट्शे यांच्या आधीच्या एका अभ्यासात तर असं दिसलं होतं की बाहेर पडण्याआधी घरी ‘सुरुवात’ करणारी मुलं त्या रात्री एकूण जास्त पितात. बाहेरचं पिणं कमी होत नाही, घरचं त्यात मिळवलं जातं.

इथवर मुलं स्वतः सांगत होती. पुढची पायरी अशी की कुणी काही सांगायचंच नाही.

फोनच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो किंचित मागेपुढे सरकतो आणि त्या सरकण्याचा विजेच्या भाषेत आकडा बनतो. स्क्रीन आडवी-उभी होते ती याच्याच जिवावर. तेव्हा पिट्सबर्गमध्ये असलेले डॉक्टर ब्रायन सफोलेटो यांनी 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 22 जणांना मोजून-मापून व्होडका दिली, पाठीवर कमरेपाशी फोन बांधला आणि दर तासाला सरळ रेषेत दहा पावलं चालून परत यायला सांगितलं. श्वासातली दारू 0.08 टक्क्यांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतल्या गाडी चालवण्याच्या मर्यादेच्या वर गेली आहे का, हे नुसत्या चालीवरून दहापैकी सुमारे नऊ वेळा बरोबर सांगता आलं. त्याच शहरातल्या आणखी एका अभ्यासात 30 तरुणांचे फोन 28 दिवस गुपचूप टिपणं घेत राहिले, अर्थात मालकांच्या संमतीने. वेळ काय, हालचाल कशी, स्क्रीन किती वेळ चालू, कॉल किती लांब, टाइप करण्याचा वेग किती. एवढ्यावरून पिण्याचे प्रसंग 96 टक्के अचूकतेने ओळखल्याचं संशोधकांनी मांडलं.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण जरा थांबू. आठवड्यातले बहुतेक तास कुणी पीत नसतं. त्यामुळे अशा कामात नुसतं ‘नाही, नाही’ म्हणत राहणारं यंत्रही बरंच अचूक भासू शकतं. शिवाय माणसं तीस. स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या गटावर असाच प्रयत्न झाला, तेव्हा रात्री पिणं झालं की नाही याचा अंदाज सुमारे 75 टक्क्यांपर्यंतच पोचला. आणि विचारणाऱ्या ॲपची जुनी अडचण सुटलेली नाहीच: ज्याला खरोखर चढली आहे तो उत्तर देत नाही. नेमका तोच क्षण नोंदींत कोरा राहतो.

खरी मेख मात्र दुसरीच आहे. ही माहिती कुणाच्या हाती पडली तर? अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून होणाऱ्या अशा संशोधनाला गोपनीयतेचं कायदेशीर कवच मिळतं. न्यायालयाने मागितली तरी सहभागी व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती तिच्या संमतीशिवाय द्यावी लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची, तीही परवान्यासह. म्हणजे पुण्यातल्या वसतिगृहातला पंचविशीच्या आतला पोरगा कडक दारू प्यायल्याचं ॲपवर खरं सांगतो, तेव्हा तो गुन्ह्याची कबुली लिहून देत असतो. 2023च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. संशोधनासाठी सूट आहे, पण अटींसह. शिवाय आपल्या घरांत फोन एकट्याचा कुठे असतो? आई पासवर्ड जाणते, धाकटी बहीण गेम खेळते.

तेव्हा तुमच्या घरातल्या कॉलेजवयीन मुला-मुलीकडे कधी असं ॲप आलं तर संमतीपत्र नीट वाचा. माहिती कुठे साठते, नावासकट साठते का, मध्येच सोडता येतं का, हे विचारा. मात्र फोन उघडून त्याची उत्तरं वाचायला जाऊ नका. घरचे वाचतात हे एकदा कळलं की त्यानंतरची सगळी उत्तरं ‘नाही’ अशीच येतील, आणि ती संशोधकाच्याही उपयोगाची नाहीत, तुमच्याही नाहीत.