विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन आणि पेस्तुमचा वाद

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनाकडे सामान्यतः रेखनकौशल्याची कसोटी म्हणून पाहिले जाते. परंतु अशा प्रदर्शनात परीक्षकांच्या गृहीतांचीही परीक्षा होऊ शकते, हे पॅरिस येथील १८२९ सालच्या प्रसंगावरून दिसून येते.

फ्रान्समध्ये वास्तुकलेचे सर्वोच्च पारितोषिक मिळविणारा विद्यार्थी शासनाच्या खर्चाने रोममधील व्हिला मेदिची येथे राहत असे. तेथून त्याने दरवर्षी नेमून दिलेले काम पॅरिसला पाठवावे, अकादमीने ते तपासावे व ते लोकांपुढे मांडले जावे, असा परिपाठ होता. आरंभीच्या वर्षांत प्राचीन वास्तूंच्या अवशेषांचे मापन व रेखन, चौथ्या वर्षी एखाद्या वास्तूची कागदावर पुनर्रचना आणि पाचव्या वर्षी स्वतंत्र योजना, असा त्याचा क्रम होता.

१८२४ चा पारितोषिकविजेता आंरी लाब्रूस्त याने चौथ्या वर्षी दक्षिण इटलीतील पेस्तुमची तीन ग्रीक मंदिरे निवडली. 'नेपच्यून'चे मंदिर सर्वांत जुने असून, वसाहतकारांनी स्थानिक दगड व स्थानिक गरजा यांच्या अनुरोधाने पुढे मूळ ग्रीक आकार बदलले, असे त्याने प्रतिपादिले. तथाकथित 'बॅसिलिका' ही तर मंदिर नसून नागरिकांची सभागृहवास्तू होय, असे त्याचे मत होते. ग्रीक वास्तूस त्रिकालाबाधित आदर्श मानणाऱ्या अकादमीस हे रुचणे शक्य नव्हते. तिचे चिटणीस कात्रमेअर द कॅन्सी यांनी विरोध केला. रोममधील संस्थेचे संचालक, चित्रकार ओरास व्हेर्ने यांनी मात्र विद्यार्थ्याची बाजू घेतली.

पुढील संशोधनाने लाब्रूस्तचा निष्कर्ष अग्राह्य ठरविला आहे. 'बॅसिलिका' हे हेरा देवतेचे मंदिर असून तेच तिन्हींत प्राचीन, म्हणजे इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या मध्याचे होय. 'नेपच्यून'चे मंदिर त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी उभे राहिले. तरीही वास्तूचा आकार सामग्री, उपयोग व समाज यांवरून ठरतो, हा त्यामागील विचार टिकून राहिला. लाब्रूस्तने बांधलेल्या पॅरिसच्या सेंत-झनव्हिएव्ह ग्रंथालयाच्या (१८४३-५०) वाचनालयात सडपातळ लोखंडी स्तंभ व कमानी उघड्याच ठेवलेल्या आहेत. त्यांतही हाच विचार प्रत्ययास येतो.

ती पेस्तुमची चित्रे १८७७ साली, लाब्रूस्तच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुनर्रचना चुकीची असूनही ती वादास पात्र ठरली, याचे कारण मोजमाप आणि त्यावरून काढलेले अनुमान ही दोन्ही तीत तपासणीसाठी खुली होती. केवळ सुबक रेखनाने भरलेल्या प्रदर्शनात परीक्षकास गुण देता येतात. मतभेदास मात्र तेथे जागा उरत नाही.