सशापासून लिफ्टपर्यंत

पीटर जेमतेम तीन वर्षांचा होता आणि सशाला घाबरायचा. नुसत्या सशाला नाही. पांढरा उंदीर, फरचा कोट, कापूस, पिसं, सगळ्यांचीच त्याला धास्ती. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधक बाईंनी त्याची समजूत काढली नाही, की 'एवढं काय घाबरायचं' म्हणून दटावलंही नाही. त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, त्याचं खाणं थांबणार नाही इतक्या अंतरावर. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. सशाशी बिनधास्त खेळणारी दुसरी मुलंही मुद्दाम आणून बसवली जात. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. हे टिपण १९२४ साली छापून आलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याआधी चारच वर्षं जॉन वॉटसनने एका तान्ह्या बाळाच्या मागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटून त्याला उंदराची भीती लावली होती. तो प्रयोग मात्र पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. भीती लावायची कशी, यातच लोकांना जास्त रस होता म्हणायचा.

मधल्या शंभर वर्षांत चिंता, पॅनिक, मंत्रचळ यांनी गांजलेल्यांसाठी मेंदूला वळण लावणाऱ्या पद्धतींची रीघ लागली. मागे वळून पाहताना मला एक गोष्ट ठळक दिसते. टिकल्या त्या बहुतेक पद्धती पीटरच्या सशाच्या गोत्रातल्या आहेत. माणूस भीतीच्या जवळ जातो, तिथे थांबतो आणि पुढे काय होतं ते स्वतः पाहतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच पद्धतींनी आवाज पुष्कळ केला.

शिकागोच्या एडमंड जेकबसन यांचं स्नायू सैल सोडण्याचं तंत्र १९२९चं. एकेक स्नायू ताणायचा, सोडायचा, दोन्हींतला फरक ओळखायचा. मुळातली शिकवणी महिनोन् महिने चाले. दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पे दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर होते. युद्धाने हादरलेल्या सैनिकांना औषधांनी म्हणावा तसा गुण येत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ती शिकवणी आटोपशीर केली आणि तिला भीतीची शिडी जोडली. अंग सैल सोडून आधी सगळ्यात सौम्य प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, मग एकेक पायरी वर. त्यांचं पुस्तक १९५८ साली आलं आणि जोन्सबाईंचं विस्मरणात गेलेलं काम पुन्हा चर्चेत आलं. सैल सोडण्याचा भाग नसला तरी शिडी काम करते, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. पण ते नंतरचं.

अल्बर्ट एलिस यांची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे रुजवली. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे एलिस घराघरांत पोचले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमधूनही हा विचार सामान्य माणसाच्या बोलीत आला. आपल्याकडे एलिस म्हटलं की विचार तपासणं, 'च'चा हट्ट सोडणं, एवढंच आठवतं. माझ्या मते त्यांचा खरा पाया डोक्यात नसून पायांत होता. एकोणीस वर्षांचा हा मुलगा मुलींशी बोलायला थरथरायचा. त्याने न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या बाईशेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलणं सुरू करायचं ठरवलं. शंभरेक जणींशी तो बोलला. भेटायला यायचं एकीने कबूल केलं आणि तीही आली नाही. कुणी पोलिसांना मात्र बोलावलं नाही आणि भीती गेली. पुढे मानसतज्ज्ञ झाल्यावर एलिस रुग्णांना भर रस्त्यात दोरी बांधलेलं केळं ओढत चालायला लावत. लोक बघतील, हसतील आणि आपण तरीही शाबूत राहू, हे अनुभवायला. मराठी मध्यमवर्गाने एलिस यांचं तत्त्वज्ञान मनापासून स्वीकारलं, केळं सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. 'लोक काय म्हणतील' या धाकात वाढलेल्यांना त्याचीच गरज जास्त होती.

साधारण त्याच काळात ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर वीक्स या डॉक्टर बाई लिहित्या झाल्या. मूळच्या त्या प्राणिशास्त्रज्ञ. तरुणपणी क्षयाचं चुकीचं निदान झालं, सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं आणि बाहेर आल्यावर छातीची धडधड काही थांबेना. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एका मित्राने त्यांना सांगितलं की हृदय बिघडलेलं नाही, तू धडधडीला घाबरतेस म्हणून ती चालू राहते. सैनिकांनाही असंच व्हायचं. १९६२च्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा एवढाच आहे: धडधडीशी झुंजू नका, ती येऊ द्या, तिच्यासोबत तरंगा, वेळ जाऊ द्या. तज्ज्ञांनी नाकं मुरडली, वाचकांनी पुस्तक उचलून धरलं. १९८६ साली इंग्लंडच्या डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिकचं जे गणित मांडलं, त्याची जातकुळी हीच. छातीत धडधड होते, माणूस तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थाने धडधड वाढते आणि चक्र फिरत राहतं. मग रुग्णाला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावायचे. चक्कर येते, हातांना मुंग्या येतात आणि तो म्हणतो, अरे, हेच तर मला होतं! ईसीजी दर वेळी नॉर्मल येऊनही जे पटत नाही, ते अशा प्रयोगाने पटू शकतं. धावणं, जिने चढणं अशा माणसाला उपयोगी पडतं, त्यामागेही थोडं हेच आहे. धडधड ओळखीची होते.

मुंबईत १९६०च्या दशकात काय चाललं होतं, हे क्वचितच सांगितलं जातं. केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया मनोविकार विभागात चिंतारोगाच्या रुग्णांवर पतंजलीच्या सूत्रांतून बेतलेला उपचार करून पाहत होते. त्यांच्या सोबतीला होते डॉ. दूनगाजी आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामशी जोडलेले डॉ. विनेकर. १९६६ साली त्यांचा लेख ब्रिटिश मानसोपचार नियतकालिकात आला. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान असा क्रम. मला यातलं कौतुक वाटतं ते पतंजलीचं नाव घेतल्याचं नव्हे. पूर्ण उपचार एका गटाला आणि अर्धवट दुसऱ्याला देऊन त्यांनी तुलना केली, याचं वाटतं. योगाने सगळं बरं होतं असं म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. खरोखर होतं का, हे मोजून बघू म्हणणारे परळमध्ये होते. ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. झाली ती परदेशात. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ आठवड्यांचं सजगता ध्यान आणि एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमीची गोळी समोरासमोर ठेवली गेली. चिंता कमी करण्यात ध्यान गोळीपेक्षा कमी पडलं नाही. त्यासाठी दर आठवड्याचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास बसायचं होतं, हे मात्र बातम्यांच्या मथळ्यांत आलं नाही.

गोळ्यांचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे. १९६०च्या दशकात लिब्रियम, व्हॅलियम आले, आपल्याकडे काम्पोज घरोघरी माहीत झाली. औषधांना माझा विरोध नाही. अनेकांना ती लागतात आणि ती आपल्या मनाने अचानक बंद करणं धोक्याचं असतं. पण न घेता नुसती खिशात बाळगलेली गोळीही भीती जिवंत ठेवते, हे मानसतज्ज्ञ पॉल साल्कोव्स्किस यांनी नेमकं पकडलं. बाहेर पडताना पाण्याची बाटली हवीच, दाराजवळचीच सीट हवी, सोबत कुणी तरी हवंच. प्रवास नीट झाला की श्रेय बाटलीला जातं आणि मेंदू नवं काही शिकत नाही.

मंत्रचळाच्या बाबतीत वळण १९६६चं. तोवर धुणं-पुसणं, मोजणं, पुन्हा पुन्हा तपासणं यावर उपाय नाही असंच धरून चालत. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना त्यांना नको असलेल्या गोष्टींना सामोरं नेलं आणि नंतरचे विधी करू दिले नाहीत. त्यासाठी परिचारिका सतत सोबत राहत. अस्वस्थता चढली, आणि विधी न करताही उतरली. १९९२ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूच्या चित्रांची तुलना केली. ज्यांना औषधाने गुण आला आणि ज्यांना नुसत्या वर्तनोपचाराने आला, त्या दोघांच्याही मेंदूत कॉडेट नावाच्या भागाची वाढलेली धावपळ कमी झाली होती. रुग्णांची संख्या लहान होती, पण सवयीने मेंदूच्या कामात बदल होतो हे डोळ्यांनी दिसलं.

याच शोधाची पुढे जी विक्री झाली, ती निराळी. मेंदू बदलतो ना, मग तो थेट बदलू! त्याआधीच, १९६०च्या दशकाअखेरीस संशोधक जो कामिया यांनी मेंदूतल्या अल्फा लहरी स्वतः वाढवता येतात असं दाखवलं होतं आणि त्यातून इलेक्ट्रोडची एक लाट आली. २००५ साली जपानच्या र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने मेंदूच्या व्यायामाचा व्हिडिओ गेम निघाला. मग ल्युमॉसिटीचे तसलेच ऑनलाइन खेळ. २०१० साली एड्रियन ओवेन यांच्या चमूने ११,४३० लोकांना सहा आठवडे असे खेळ खेळायला लावले. लोक खेळांत पटाईत झाले. खेळाबाहेरच्या कसोट्यांत फरक पडला नाही. २०१६च्या जानेवारीत ल्युमॉसिटीच्या कंपनीने अमेरिकी व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड केली. म्हातारपणातल्या विसराळूपणापासून युद्धाच्या आघातापर्यंतचे तिचे दावे पुराव्याविना होते, असा आयोगाचा आक्षेप होता. चिंतेसाठी खास बेतलेला खेळही होता. पडद्यावर रागीट आणि शांत चेहरे एकत्र दाखवायचे आणि नजर शांत चेहऱ्याकडे वळायची सवय लावायची. प्रयोगशाळेतले सुरुवातीचे आकडे थक्क करणारे होते. घरच्या संगणकावर तोच खेळ दिला तेव्हा ते टिकले नाहीत. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला माणसांची भीती, त्याने रागीट चेहऱ्यापासून नजर वळवायला शिकायचं? ते त्याला आधीपासून येतं.

मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांनी गेल्या दोन दशकांत जे मांडलं त्याने सशाच्या गोष्टीतही दुरुस्ती झाली. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवी शिकवण उभी राहते आणि दोघींत चढाओढ चालते. म्हणून दादरच्या गर्दीत जमलेलं ठाण्याच्या बंद लिफ्टमध्ये जमेलच असं नाही, आणि वर्षभराने सगळं परत आलं तर उपचार फुकट गेला असंही नाही. सराव वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी, थोडा अनपेक्षित हवा. पायरीपायरीने शांत होत वर चढण्यापेक्षा 'मला वाटलं होतं तसं झालं नाही' हा धक्का जास्त कामाचा.

पडद्याशी माझं वैर नाही, हेही सांगायला हवं. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी २०१८ साली उंचीला घाबरणाऱ्या १०० जणांवर चाचणी घेतली. त्यांतल्या निम्म्यांना डोक्यावर चष्मा चढवून दहा मजली आभासी इमारतीत नेलं गेलं. मार्गदर्शकही आभासीच. कडेला उभं राहून चेंडू खाली टाकायचे, झाडावर अडकलेली मांजर सोडवायची. त्या गटाची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. हाही पडदाच, पण तो माणसाला कड्याच्या टोकाला नेतो.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे आणि फोनवर धीर मिळतो, वाटही कळते. पण रुग्णासोबत लिफ्टमध्ये चढायला, बेसिनपाशी उभं राहायला माणूस लागतो. सरकारी ओपीडीत त्याला वेळ नाही आणि खाजगीत तासाचे पैसे आहेत. उरतं घर. घर मात्र बहुधा उलट बाजूने खेळतं. 'गॅस बंद आहे ना?' याला दहाव्यांदा 'हो गं, बंद आहे' म्हणणारा नवरा, मंत्रचळ असलेल्या मुलीसाठी सगळ्यांच्या चपला धुणारी आई, शाळेत पोटात गोळा येतो म्हणून घरीच ठेवलेला मुलगा. हे सगळं मायेपोटीच चालतं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी नेमकं हेच हाती घेतलं. ७ ते १४ वयाची चिंताग्रस्त १२४ मुलं. एका गटात मुलांनाच सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती, दिली, दुसऱ्या गटात फक्त आईवडिलांच्या बारा बैठका घेतल्या. त्यांनी दोन गोष्टी शिकायच्या: मुलाला 'तुला त्रास होतोय हे दिसतंय आणि तुला ते झेपेल' असं सांगायचं, आणि त्याच्या भीतीसाठी घर वाकवणं एकेक करून थांबवायचं. त्या गटातलं मूल एकाही बैठकीला गेलं नव्हतं. मुलांमधली सुधारणा दोन्ही गटांत सारखीच निघाली.