गंमत सरल्यावर काय उरतं?

१५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळा लागून इनिगो नावाच्या स्पॅनिश सरदारपुत्राचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात तो कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. करमणुकीला त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात सापडलं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मग कधी तो एका थोर घराण्यातल्या स्त्रीच्या स्वप्नात तासन्‌तास रंगे, कधी अनवाणी जेरुसलेमला जायचे बेत करी. रंगताना गोडी दोन्हींत होती. पण पहिलं स्वप्न विरलं की मन कोरडं पडे. दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राही.

हाच पुढे येशूसंघाचा संस्थापक, संत इग्नेशियस. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातली रोजची आत्मपरीक्षा, म्हणजे एक्झामेन, आजच्या फोनवेड्या मनालाही चपखल लागू पडते.

रात्री पंधरा मिनिटं पुरतात. फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत असलेला बरा. सुरुवात आभारांनी करायची. ‘सगळ्यासाठी धन्यवाद, प्रभू’ असं घाऊक नको, आजचीच एखादी गोष्ट हवी. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, कारण स्वतःचा हिशेब तपासताना आपण एक तर फार सैल असतो नाहीतर उगाच कठोर.

खरं काम पुढे आहे. सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवायचा. जेवणानंतर रील्स पाहत बसलो, हसूही आलं. पण फोन खाली ठेवल्यावर मन कसं होतं? तरतरीत, की चिडचिडं? त्याच फोनवर वसईतली आई आखातातल्या मुलाबरोबर रोझरी म्हणते, आणि नंतर बराच वेळ घरात गुणगुणत फिरते. म्हणून सरसकट फोनला दोष देणाऱ्या प्रवचनांचा मला कंटाळा येतो. मागे काय उरलं, एवढंच विचारायचं.

जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एकच लहानसा निश्चय करायचा. वैतागून रात्रीच सगळी ॲप्स उडवायची मात्र घाई नको. मन उदास असताना आधीचे निर्णय बदलू नयेत, असा इग्नेशियसचा स्पष्ट नियम आहे; त्या अवस्थेत घेतलेल्या नव्या शपथाही फार टिकत नाहीत, असं मला वाटतं.

एकच खोड मोडायची असेल, तर त्याने आणखी बारीक युक्ती दिली आहे. चूक झाली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चार माणसांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. कारण नसताना हात फोनकडे गेला, की हेच करता येतं. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी वहीत दोन रेघा ओढायच्या. दुपारी पहिल्या रेघेवर आणि रात्री दुसऱ्या रेघेवर, जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके द्यायचे. मग कालचे ठिपके आजच्यांशी ताडून पाहायचे, आणि या आठवड्याचे गेल्या आठवड्याशी. पुस्तकातल्या आकृतीत या रेघा दिवसागणिक आखूड होत जातात. ठिपके कमी होतील, हे इग्नेशियसने गृहीतच धरलं होतं.